लेस्बोसचा वसंत: पक्षी पाहायला आणि टिपायला जाणाऱ्यांसाठी

ग्रीसच्या लेस्बोस बेटावर जायचं ठरलं की बहुतेक जण आधी ठिकाणांची यादी करतात आणि रोज एकेक ठिकाण उरकायचा बेत आखतात. हा बेत फार तर दोन दिवस टिकतो. या बेटावर रोजचा कार्यक्रम दोनच गोष्टी ठरवतात: रात्री वारा कुठून वाहिला आणि सकाळी ऊन कुठून पडतंय. एवढं धरून आखणी केली तर एका आठवड्यात भरपूर पाहून होतं. नाही केली, तर निम्मा वेळ गाडीत जातो आणि उरलेल्या निम्म्या वेळात उन्हाच्या विरुद्ध काढलेले काळपट फोटो पदरी पडतात.

लेस्बोस तुर्कस्तानच्या किनाऱ्याला अगदी लागून आहे. मधली सामुद्रधुनी सर्वात अरुंद जागी दहा-बारा किलोमीटरच भरते. क्षेत्रफळ सुमारे १६३० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या निम्म्याहूनही कमी. मात्र रस्ते वळणावळणाचे असल्याने नकाशावरच्या अंतरावर विसंबू नका. आफ्रिकेत हिवाळा काढून वसंतात उत्तरेकडे निघालेल्या पक्ष्यांच्या पूर्वेकडच्या वाटेवर हे बेट येतं, आणि समुद्र ओलांडून थकलेले पक्षी इथे उतरतात. शिवाय आशिया मायनरचे, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातले, काही पक्षी युरोपच्या हद्दीत प्रामुख्याने इथेच सापडतात. क्रीट किंवा सायप्रस ही बेटंही चांगली आहेत, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला मी लेस्बोसच सुचवेन. इथे मिठागरं, नद्या, पाइनचं जंगल आणि उघडे खडकाळ डोंगर एकाच मुक्कामावरून गाठता येतात.

कधी जायचं

मध्य एप्रिल ते मध्य मे हा काळ. त्यातही एप्रिलचा शेवटचा आणि मेचा पहिला आठवडा सर्वात भरगच्च. प्रत्येक पक्ष्याची वेळ मात्र वेगळी असते, म्हणून आपल्याला काय हवंय ते आधी ठरवा. क्र्युपर्स नटहॅच हा खोडावर उलटा चालणारा, इथला सर्वात मागणी असलेला पक्षी एप्रिलमध्ये सहज सापडतो. पिल्लं उडाली की तो जंगलात गप्प होतो. मुखवट्यासारख्या काळ्या पट्टीचा मास्क्ड खाटीक एप्रिलच्या मध्यापासून ऑलिव्हच्या बागांत येतो. लाल पायांचा ससाणा आणि पांढऱ्या पंखांचा सुरय यांचे थवे एप्रिल सरता सरता दिसू लागतात, आणि ऑलिव्ह-ट्री वटवट्या मे उजाडल्याशिवाय येत नाही. सगळंच थोडं थोडं हवं असेल तर २५ एप्रिलच्या आसपास पोहोचा.

आपल्या माणसाने मुद्दाम थांबून पाहावा असा इथला पक्षी म्हणजे काळ्या डोक्याचा भारीट. हिवाळ्यात महाराष्ट्रात ज्वारीच्या शेतांवर थव्याथव्याने उतरणारा हाच तो. बाकीचे बहुतेक प्रवासी पक्षी आफ्रिकेत हिवाळा काढतात. हा मात्र आग्नेय युरोपातून पूर्वेची वाट धरून भारतात येतो. एप्रिलच्या अखेरीला तो लेस्बोसला पोहोचतो तेव्हा नराचं डोकं काळं कुळकुळीत आणि पोट हळदीसारखं पिवळं झालेलं असतं. झुडपाच्या शेंड्यावर बसून तो तासन् तास गातो. आपल्याकडच्या थव्यात हे गाणं क्वचितच कानी पडतं.

एक खबरदारी घ्या. ग्रीसमध्ये पाळला जाणारा ऑर्थोडॉक्स ईस्टर आणि आपल्या कॅलेंडरमध्ये छापलेला ईस्टर यांच्या तारखा बहुतेक वेळा वेगळ्या असतात. २०२७ मध्ये ऑर्थोडॉक्स ईस्टर २ मे रोजी, म्हणजे ऐन हंगामात आहे. त्या आठवड्यात ग्रीक कुटुंबं गावी परततात, बोटी आणि विमानं भरून जातात, दुकानं बंद असतात. सोहळा पाहण्यासारखा आहे, पण तिकिटं फार आधी काढावी लागतील.

व्हिसा आणि प्रवास

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, वर व्हिसा केंद्राचा सेवाखर्च. प्रवासविम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं हवं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंत चालतो, पण एप्रिलच्या सहलीसाठी मार्चपर्यंत थांबू नका. उन्हाळी सुट्टीची गर्दी तेव्हाच सुरू होते आणि अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं. कॅमेऱ्याचा विमा वेगळा काढा. प्रवासविम्यात महागड्या लेन्सची भरपाई सहसा नगण्य असते.

आखाती देशांतून किंवा इस्तंबूलमार्गे अथेन्स, तिथून मितिलीनीचं विमान. हे दुसरं उड्डाण तासाभराचंही नसतं. मितिलीनी हे बेटाचं मुख्य गाव आणि विमानतळ त्याच्या दक्षिणेला आहे. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून रात्रभराची बोटही मिळते. हाताशी वेळ असेल तर जाताना किंवा येताना एकदा बोटीने जाच. पहाटे डेकवर उभं राहिलं की लाटांना घासून जाणारे येलकुआन शिअरवॉटर हे समुद्रपक्षी दिसतात.

अथेन्स-मितिलीनी मार्गावर बरेचदा छोटी, पंख्याची विमानं असतात. त्यांत डोक्यावरचे कप्पे अरुंद. मोठी टेलिलेन्स असलेली बॅग त्यात मावेल का, हे आधीच मोजून पाहा. बॅटऱ्या आणि पॉवरबँक सोबतच्या बॅगेत, ट्रायपॉड चेक-इनमध्ये. हातातल्या सामानाला सात किलोंची मर्यादा असेल तर बॉडी आणि लेन्स गळ्यात, बाकीचं जॅकेटच्या खिशांत, हा जुना उपाय अजूनही चालतो.

गाडी भाड्याने घ्या. त्यासाठी निघण्याआधी आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा आणि मूळ लायसन्सही जवळ ठेवा. ग्रीसमध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवतात. पहिल्या दिवशी लांबचा पल्ला गाठायचा हट्ट नको. ऑटोमॅटिक गाड्या बेटावर थोड्या असतात, त्यामुळे हवी असेल तर लवकर सांगून ठेवा. करार वाचताना एक कलम नक्की बघा: टायर आणि गाडीचा तळ विम्यात धरलेत का? इथले निम्मे चांगले रस्ते कच्चे आहेत. अनामत रक्कम चालकाच्याच नावच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, हेही लक्षात असू द्या.

मुक्काम एकच: स्काला काल्लोनी

मितिलीनीत राहू नका. उत्तरेचं मोलिव्होस हे गाव किल्ल्यामुळे फार देखणं आहे, पण तिथून पहाटे मिठागरांवर पोहोचायचं म्हणजे रोज अंधारात घाट उतरायचा. काल्लोनीच्या आखाताच्या टोकाशी असलेलं स्काला काल्लोनी हे मासेमारीचं गाव पक्षीनिरीक्षकांचं ठाणं आहे. वसंतात तिथल्या कॅफेत प्रत्येक दुसऱ्या गळ्यात दुर्बीण असते. संध्याकाळी त्या टेबलांवर कान ठेवा. आज कुठे काय दिसलं याची ताजी खबर तिथे फुकट मिळते. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या नोंदी रोज रात्री पाहायच्याच, पण फांदी नेमकी कोणती हे कॅफेतलाच माणूस सांगतो.

गाडी चालवायची नसेल तरी हे गाव सोयीचं पडतं. आजूबाजूचा भाग सपाट आहे आणि सायकलवर मिठागरं, गावातलं तळं आणि जवळच्या नद्या होतात. फक्त पश्चिमेकडच्या डोंगरांसाठी दोन दिवस टॅक्सी किंवा एखादा सोबती शोधावा लागेल.

खाण्याचं सांगायचं तर काल्लोनीची सार्डिन मासळी आणि प्लोमारीची ऊझो ही दारू यांचं नाव सगळ्या ग्रीसमध्ये आहे. शाकाहारी माणसाचेही इथे हाल होत नाहीत. टोमॅटोच्या रसात भाजलेले मोठे घेवडे म्हणजे गिगांतेस, उकडलेल्या रानभाज्या म्हणजे होर्ता, भात भरून भाजलेले टोमॅटो-मिरच्या म्हणजे गेमिस्ता, आणि ऑलिव्ह तेलात मुरवलेलं इथलं लादोतिरी चीज. उपवासाचे पदार्थ ‘निस्तीसिमा’ या नावाने मिळतात. त्यांत मांस, अंडी, दूध नसतं, पण कोळंबी आणि माकुल चालतात. म्हणून ‘होरीस क्रेआस, होरीस प्सारी, होरीस थालासिना’, मांसाशिवाय, माशाशिवाय आणि कोळंबी-माकुलांशिवाय, असं स्पष्ट सांगा. पहाटेसाठी आदल्या संध्याकाळी बेकरीतून पालक भरलेली पेस्ट्री घेऊन ठेवा. हॉटेलचा नाश्ता चांगल्या उजेडाच्या वेळी सुरू होतो. त्याच्या मोहात पडलात तर सकाळ गेली.

दिवस कसा आखायचा

एप्रिलच्या अखेरीला सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि आठच्या सुमारास मावळतो. सहाला बाहेर पडा. साडेनऊपर्यंत पाण्याजवळ काम करा. दहानंतर मिठागरांवरची हवा तापून थरथरू लागते आणि लांबचा कोणताही फोटो धूसर येतो. लेन्स कितीही भारी असो, तापलेल्या हवेवर इलाज नाही. तेव्हा दुपारी डोंगरात जा किंवा सरळ झोपा. साडेचारनंतर पुन्हा पाणी.

आता वारा. रात्री समुद्रावरून उत्तरेला निघालेल्या पक्ष्यांना दक्षिणेचा वारा आणि निरभ्र आकाश मिळालं तर ते बेटावरून तसेच पुढे निघून जातात. आपल्याला सकाळ सुंदर वाटते, झाडं मात्र रिकामी. रात्री पाऊस पडला किंवा उत्तरेचा वारा समोरून आला की तेच पक्षी मिळेल त्या पहिल्या जमिनीवर उतरतात. अशा सकाळी सगळे बेत गुंडाळून पश्चिमेला सिग्रीकडे सुटा. तिथल्या फानेरोमेनीच्या ओढ्याकाठी अंजिराच्या आणि ऑलिव्हच्या झाडांत माशीमार, वटवटे आणि हळदे एकाच फांदीवर दिसू शकतात. ऊन पडून दिवस स्थिरावला की त्यांतले बरेच पुढे सरकतात. म्हणून रात्री झोपताना हवामान बघायचं आणि उद्याचा बेत तेव्हाच ठरवायचा.

मिठागरं आणि नद्या

काल्लोनीची मिठागरं हे इथलं मुख्य रंगमंच. रोहित, शेकाट्या, मोर शराटी, चक्रवाक, प्रॅटिनकोल, कधी काळा करकोचा. कुंपणाच्या आत जायचं नाही. कडेच्या वाटेवरून सगळं दिसतं. उत्तरेच्या हमरस्त्यावरून दक्षिणेला पाहिलं तर दिवसभर ऊन बऱ्यापैकी समोरून येतं. तिथून दुर्बिणीने मोजणी करा, फोटोसाठी मात्र सकाळी पूर्वेची आणि संध्याकाळी पश्चिमेची बाजू धरा. ऊन पाठीशी, एवढाच नियम.

गाडी हीच तुमची लपणी. आपण उतरलो की पन्नास मीटरवरचा शेकाट्या उडतो, आणि इंजिन बंद करून काच खाली केली की तोच दहा मीटरवर येऊन चोच खुपसत बसतो. खिडकीवर ठेवायला बीनबॅगची रिकामी पिशवी घरून न्या आणि काल्लोनीच्या दुकानातून दोन किलो तांदूळ घेऊन भरा. निघताना तांदूळ हॉटेलच्या स्वयंपाकघरात द्या.

कॅमेऱ्याच्या मांडणीबद्दल थोडं. बसलेल्या पक्ष्याला १/८०० सेकंद पुरे. उडत्याला १/२००० पासून वर, आणि वेड्या राघूला १/३२०० सुद्धा कमी पडतं. मिठागरात पांढरा पक्षी गडद पाण्यावर असेल तर कॅमेरा फसतो आणि पिसांचा तपशील जळतो, म्हणून एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप खाली आणा. उजळ आकाशासमोर उडणाऱ्या काळपट शराटीसाठी उलटं करा. तिचा जांभळा-हिरवा रंग तेव्हाच उठतो. १००-४०० किंवा २००-६०० च्या झूम लेन्सवर ही सहल छान होते. जड ६०० मिलिमीटरची प्राइम लेन्स इथल्या वाटांवर खांद्याला जाच करते आणि त्या बदल्यात फार काही देत नाही, असं माझं मत आहे.

मिठागरांच्या पश्चिमेला त्सिक्निआस नदी. तिच्या काठच्या झाऊच्या झुडपांत वटवटे आणि छोटे बगळे. नदीच्या उतारातून गाडी घालण्याआधी खोली पाहून घ्या. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर घालूच नका. गावाबाहेरचं मेतोहीचं छोटं तळं फोटोग्राफरने चुकवू नये. लिटल क्रेक आणि लिटल बिटर्न तिथे वेताच्या कडेने इतके जवळ येतात की कधी कधी लेन्सचं किमान अंतर आड येतं. तासभर एका जागी बसा. फिरत राहणाऱ्याला तिथे काही मिळत नाही.

आख्लादेरीचा नटहॅच

काल्लोनीहून आखाताच्या पूर्व काठाने खाली गेलं की आख्लादेरीचं पाइनचं जंगल लागतं. क्र्युपर्स नटहॅच तुर्कस्तान आणि काकेशसचा रहिवासी. युरोपीय संघाच्या हद्दीत तो याच बेटावर वीण करतो. सडलेल्या पाइनच्या खुंटात, बरेचदा माणसाच्या उंचीवरच घरटं कोरतो. म्हणून फोटो सोपा जातो आणि म्हणूनच पक्षी धोक्यात येतो.

इथे कसं वागायचं ते नीट ठरवून जा. आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही. घरट्यापासून वीस-तीस मीटरवर थांबून आधी दहा मिनिटं नुसतं पाहा. चोचीत किडा धरलेला पक्षी खुंटाकडे न जाता फांदीवरून फांदीवर उड्या मारत ओरडत असेल, तर तुम्ही फार जवळ आहात. लगेच मागे सरका. तिथे आधीच चार जण उभे असतील तर पाचवे होऊ नका. दुपारी परत या. घरट्यापेक्षा जंगलात हिंडून खोडावर उलटा चालणारा पक्षी टिपला तर फोटोही अधिक चांगला येतो. आख्लादेरीजवळ खडकांच्या भेगांत मातीचं सुरईसारखं घरटं दिसलं तर ते त्याच्या भावकीतल्या रॉक नटहॅचचं.

पश्चिमेचे डोंगर

वाऱ्याने बोलावलं नसलं तरी एक पूर्ण दिवस पश्चिमेला द्या. पेट्रोल काल्लोनीतच भरून घ्या, पुढे पंप विरळ आहेत. ओर्दिम्नोस या मृत ज्वालामुखीच्या ५११ मीटर उंचीच्या माथ्यावर इप्सिलूचा मठ आहे. सिनेरिअस भारीट युरोपात मोजक्याच बेटांवर वीण करतो, आणि या मठाभोवतीचे उघडे उतार ही त्याची हमखास जागा. दिसायला मळकट राखाडी, डोक्यावर पिवळट झाक. त्याचं गाणं आधी ऐकून ठेवा, नाहीतर दगडासारखा दगड समजून पुढे जाल. तिथेच क्रेट्झश्मर्स भारीट, इझाबेलिन व्हीटिअर, आभाळात सापमार गरुड. मठात जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

सिग्रीजवळचं अश्मीभूत जंगल युनेस्कोच्या जागतिक भूउद्यानाचा भाग आहे. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेत गाडलेली झाडं तिथे दगड होऊन उभी आहेत. दुपारच्या कडक उन्हात पक्षी सुस्तावले की तिथे जा. पक्ष्यांच्या वेळेत मात्र नको.

उत्तरेला पेत्राजवळच्या खडकाळ टोकावर र्युपेल्स वटवट्या असतो. काळा गळा, पांढरी मिशी, आणि झुडपात सतत आत-बाहेर. मोलिव्होसचा किल्ला त्याच फेरीत होईल.

परतल्यावर अंधार पडताना काल्लोनीतल्या निलगिरीच्या झाडांजवळ थांबा. स्कॉप्स घुबड दर दोन-तीन सेकंदांनी एकच शीळ घालतं. दिवसा ते खोडाला चिकटून झोपलेलं सापडतं. फ्लॅश नको, झाडाखाली गोंगाट नको.

जाता जाता एक गंमत. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने याच आखाताच्या काठी राहून प्राण्यांचं निरीक्षण केलं. त्याचा सहकारी थिओफ्रास्टस तर इथल्याच एरेसोस गावचा. एवढ्या बारीक नजरेच्या माणसालाही रेडस्टार्ट हिवाळ्यात रॉबिन होतो असं वाटत होतं. एक पक्षी जातो आणि दुसरा येतो हे त्याला कळलं नाही. एप्रिलमध्ये मेतोहीच्या कुंपणावर रेडस्टार्ट दिसला की ते आठवतंच.

लेन्स कुठे खाली ठेवायची

हे बेट सीमेवर आहे. डोंगरात लष्करी तळ आणि बंदीचे फलक आहेत. त्यांच्या दिशेने टेलिलेन्स रोखू नका, मग समोर गरुड का बसलेला असेना. तटरक्षक बोटी, बंदर आणि निर्वासितांच्या वस्तीबाबतही हेच. २०१५ मध्ये लाखो निर्वासित याच किनाऱ्यावर उतरले. पोलिसांनी विचारलं तर शांतपणे पक्ष्यांचे फोटो आणि यादी दाखवा. ड्रोन घरी ठेवा. ऑलिव्हच्या बागांना मेंढ्यांसाठी फाटकं असतात. ती जशी होती तशीच, उघडी तर उघडी आणि बंद तर बंद, ठेवून पुढे जा.

परतीचं विमान दुपारचं असेल तर मितिलीनीच्या वाटेवर गेराच्या आखाताच्या टोकाशी दीपी लार्सोसचं वेताचं रान लागतं. तासभर तिथे थांबता येतं, मात्र विमानतळावर गाडी परत करायला अर्धा तास हाताशी ठेवा. कच्च्या रस्त्यांचा चिखल आधी धुऊन घ्या आणि किल्ली देण्यापूर्वी चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा. मेमरी कार्डांची एक प्रत हार्डडिस्कवर घेऊन ती हातातल्या बॅगेत टाका. कार्डं खिशात.